कोरडं अंथरूण

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी जमिनीवर बसायला लावत असे. यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात खाटा कमी आणि रोगी जास्त, त्यामुळे निम्मे रोगी खाली सतरंजीवरच असत, हे एक कारण. दुसरं असं, की लघवीच्या दुखण्याचा माणूस उभ्या डॉक्टरला कधी खरं सांगत नाही. तो छताकडे बघतो, पोट दुखतं म्हणतो, भूक लागत नाही म्हणतो. ताकाला जाऊन भांडं लपवणारे असे रोगी मी जन्मभर पाहिले. त्याच्या शेजारी मांडी घालून बसलं, गाव कोणतं, औंदा कपाशीची पऱ्हाटी कशी आहे असं विचारलं, की मग तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "साहेब, पेशाब अटकते."

छप्पन सालानंतरचे ते दिवस. दर हिवाळ्यात नागपूरहून शेवटच्या वर्षाची सात-आठ मुलं काही आठवड्यांसाठी आमच्याकडे येत. नागपुरात मोठे प्राध्यापक होते, ग्रंथालय होतं, नवी यंत्रं होती. आमच्याकडे रोग होते. पुसदकडून, उमरखेडकडून, रानातल्या तांड्यांवरून माणसं येत, तीसुद्धा सगळे उपाय थकल्यावर. म्हाताऱ्यांची लघवी तुंबून पोट नगाऱ्यासारखं झालेलं असे. लहान लहान पोरं मुतखड्याने किंचाळत असत. पुस्तकात ज्याला एक ओळ दिलेली असते ते आमच्या व्हरांड्यात रांगेने बसलेलं असे.

शिकवायला माझ्याजवळ काय होतं? व्हरांड्याच्या भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन आणि खडू. त्यावर मी वर दोन मूत्रपिंडं, खाली मूत्राशयाचा माठ आणि माठाची तोटी काढत असे. चित्र दरवर्षी तेच, आणि चुकाही दरवर्षी त्याच. एका शहाण्याने एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, "आजोबा, मूत्रविसर्जन करताना आपणांस वेदना होतात काय?" म्हाताऱ्याने आपल्या मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्या शहाण्याला बाहेर काढलं आणि सांगितलं, आधी यवतमाळच्या बाजारात एक चक्कर मारून ये, लोक काय बोलतात ते ऐकून ये, मग रोग्याशी बोल. मी तापट होतो. मुलं मला घाबरत, आणि ती घाबरतात याचं मला वाईट वाटत नसे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला सरकारने नेमलेलं नव्हतं.

त्या वर्षीच्या मुलांत एकच मुलगी होती. नागपूरच्या एका वकिलाची मुलगी, अंगाने बारीक, बोलणं कमी. बाकीची मुलं तिला सांभाळून घेतल्यासारखं करत, म्हणजे कुठलंही अवघड काम तिच्या वाट्याला येऊ देत नसत. ती काही बोलत नसे. पण जमिनीवर बसायला सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी तीच बसली, आणि साडी मळेल म्हणून तिने खाली रुमाल अंथरला नाही, हे मी पाहून ठेवलं होतं.

बायकांच्या वॉर्डातली एक रोगी मी या मुलीकडे सोपवली.

कळंबच्या अलीकडच्या एका खेड्यातली ती सून होती. विशीतली असेल. पहिलंच बाळंतपण, मूल आडलं. सुईणीने केलं ते केलं, गाडीत घालून दवाखान्यात आणायचं कुणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मूल सुटलं ते मेलेलं. आणि आठवड्याभराने तिची लघवी जी गळू लागली ती थांबेचना. उठता-बसता, झोपेत, जेवताना, सतत. मुलांना मी भिंतीवरच्या चित्रात माठाच्या मागच्या अंगाला खडूने एक भोक पाडून दाखवलं. बाळाचं डोकं हाडांच्या मधे रुतून बसतं, मधलं मांस दाबून मरतं, मग गळून पडतं आणि मूत्राशयाला वाट फुटते. याला आपण फिस्टुला म्हणतो. ही बाई लघवी रोखू शकत नाही असं नव्हे. रोखायला माठच धड राहिलेला नाही.

एका मुलाने विचारलं, अशा रोगी फारशा का दिसत नाहीत? मी म्हणालो, दिसत नाहीत, कारण त्यांना कुणी दिसू देत नाही. वास येतो. त्यांना पंगतीला बसवत नाहीत, पाणवठ्यावर येऊ देत नाहीत. बऱ्याचजणी माहेरी परत जातात आणि मागच्या अंगणात मरतात. तुमच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगतो आहे.

हिची गोष्ट जरा वेगळी होती. तिला घेऊन आला तो तिचा सासरा. उंच, वाकलेला, डोक्याला मुंडासं. जिनात कापसाच्या गाठी उचलण्याचं काम करी. तिचा नवरा वणीकडच्या खाणीत होता. सासरा व्हरांड्यात माझ्यासमोर बसला आणि त्याने सगळं एका दमात सांगितलं, जणू अनेक दिवस मनात घोकून ठेवलं असावं. छप्पन साली तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. परत आल्यावर घरातले देव त्याने टोपलीत घातले आणि नदीला सोडले. वस्तीतल्या बहुतेक घरांनी तेच केलं. पण काहींच्या मनातली भीती गेली नव्हती, आणि गावातल्या वरच्या आळीचे लोक तर काही वाईट घडायचीच वाट बघत होते. मग ही सून आडली, मूल गेलं, आणि ती गळू लागली. गावाला एवढं पुरे झालं. मरीआईचा कोप, असं जो तो म्हणू लागला. वस्तीतली एक जाणती म्हातारी त्याच्या बायकोच्या कानाशी लागली, की देवीला परत घरात घ्या, कोंबडं द्या, आणि ही सून माहेरी धाडून पोराचा दुसरा पाट लावा.

त्याने काहीच ऐकलं नव्हतं. पण सून वर्षभर पडवीत बारदानावर झोपत होती, आणि बायको रोज रडत होती. शेवटी त्याने वस्तीकडे हा एक हिवाळा मागून घेतला. यवतमाळच्या दवाखान्यात बरी झाली तर कुणी देवीचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर तुम्ही म्हणाल तसं.

फिस्टुला शिवणं हे खात्रीचं काम नव्हे. उत्तम शिवलेलेही उसवतात. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमी शिवा, साहेब. बाकीचं मी पाह्यतो."

पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि खिडकीच्या उजेडात आम्ही ते भोक शिवलं. दोन थर, बारीक टाके, कुठेही ताण नाही. मुलं पाळीपाळीने वाकून बघत होती. वकिलाची मुलगी विजेरी धरून उभी होती, आणि तिचा हात शेवटपर्यंत हलला नाही.

खरा धडा त्यानंतर सुरू होतो, असं मी दरवर्षी सांगत असे. मूत्राशयात रबरी नळी ठेवायची, नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत. दोन आठवडे मूत्राशयाने फक्त रिकामं राहायचं, म्हणजे शिवण भरून येते. नळी दुमडली, गुठळीने बंद झाली की माठ भरतो, फुगतो आणि टाके तुटतात. म्हणून आधी बाटली बघा, मग रोगी बघा. बाटलीत लघवी येते आहे, तर आनंदाने पुढे जा. बाटली कोरडी दिसली तर धावा. हे मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की मुलं माझ्या माघारी माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणत.

ती मुलगी दिवसातून पाच-सहा वेळा त्या सुनेजवळ जाऊन बसे. बाटली बघे, भरपूर पाणी पाजे, आणि मग दोघी बोलत बसत. काय बोलत ते मला ठाऊक नाही. पण एकदा सून हसलेली मी दुरून ऐकली. नर्सबाई म्हणाल्या, सकाळी उठली की ती आधी अंथरुणावर हात फिरवते, कोरडं लागलं की पुन्हा डोळे मिटून जराशी पडून राहते. वर्षभराने ती कोरड्या अंथरुणावर झोपत होती. मला फार बरं वाटलं, आणि तसं मी कुणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, गावाकडची माणसं तिला बघायला आली. ही माणसं येणार हे सुनेला आदल्या दिवशीच कळलं होतं. सासू होती, वस्तीतली ती जाणती म्हातारीही होती. सासरा बायकांच्या वॉर्डात कसा येणार, म्हणून दाराशीच मुंडासं हातात घेऊन उभा राहिला. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला मुलांबरोबर राउंड घेत होतो. मुलगी आमच्या पुढे त्या खाटेपाशी पोचली होती.

आणि ती तिथे गप्पकन थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दुरून दिसलं. मी खाटेखाली पाहिलं. बाटली कोरडी ठणठणीत.

मी ओरडणारच होतो. तिने माझ्याकडे न बघता हात जरासा वर केला, थांबा म्हणून. आजवर कुठल्या विद्यार्थ्याने मला असं थांबवलं नव्हतं. मी का थांबलो ते सांगता येत नाही, पण थांबलो.

तिने पांघरुणाची कड उचलली. नळी दुमडून लुगड्याच्या चिंधीने करकचून बांधलेली होती. सुनेने स्वतः बांधलेली. तिचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ दातांखाली धरलेले होते, आणि ती डोळ्यांनी मुलीला विनवत होती, की आत्ता नको, ही माणसं जाऊ दे. पुढे तिने मुलीला सांगितलं, "बाटलीत पानी पाह्यलं असतं त ते म्हनले असते, अजूनई गळूनच राह्यली." तिच्या लेखी लघवी म्हणजे गळणं. ती अंथरुणावर गळली काय आणि बाटलीत गळली काय. बघायला आलेल्यांना खाटेखाली भरलेली बाटली दिसली असती, तर त्यांनी तीच गोष्ट गावभर नेली असती. म्हणून तिने सकाळीच नळी बांधली होती, बाटली नालीत ओतून पुसून ठेवली होती, आणि तेव्हापासून ती कळा सोसत होती.

जाणती म्हातारी खाली वाकून बाटली बघत होती. म्हणाली, कोरडी तर दिसते बाई. सासूचे डोळे भरून आले.

मुलगी खाटेशेजारी जमिनीवर बसली. बाटली तिने हातात घेतली आणि त्या दोघींना दाखवली. "आजी, ही रिकामी आहे म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. आम्हाला मात्र ही रिकामी दिसली की भीती वाटते," ती म्हणाली. "लघवी तर तुम्हालाही होते, मलाही होते. हिची या नळीतून व्हायला हवी. तुम्हाला बघायचंच असेल तर बाटलीत बघू नका. अंथरुणाला हात लावून बघा."

मग तिने चिंधी सोडली. लघवी जोराने बाटलीत आली. सुनेने पदर तोंडावर ओढून घेतला. म्हातारी दोन पावलं मागे सरकली आणि तिने नाकाला पदर लावला. बाटली जवळजवळ भरत आली, तेव्हा मी मनातल्या मनात टाके मोजत होतो. कुठला टिकला असेल, कुठला गेला असेल.

सासू पुढे झाली. तिने सुनेच्या कमरेखाली हात घातला, वर्षभरात बहुधा पहिल्यांदाच. हात तसाच तिथे राहिला. मग ती दाराकडे बघून म्हणाली, "कोरडं हाय जी." मग म्हातारीलाही हात लावावा लागला. तिने लावला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली, आणि मान डोलावली.

त्या दिवशीचा धडा मी घेतला नव्हता, आणि त्यात जोडण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. दोन दिवसांनी सकाळी सुनेने अंथरुणावर हात फिरवला आणि हात ओला झाला. भोक मोठं नव्हतं. शिवणीचा एक कोपरा तेवढा उसवला होता. पण ओलं ते ओलंच. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सुनेवर काढायचा? तिने तर आपलं घर वाचवायला नळी बांधली होती. मुलगी दिवसभर त्या खाटेपाशीच होती. संध्याकाळी व्हरांड्यात येऊन तिने मला विचारलं, मी सकाळी आणखी एकदा जाऊन बाटली पाहिली असती तर? मी तिला म्हणालो, असले हिशेब करत बसशील तर या धंद्यात तुला एक वर्ष काढता येणार नाही. हे मी जरा कडकच म्हणालो, कारण तेच माझ्याही मनात चाललं होतं.

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगून टाकतो. उसवलेलं लगेच शिवता येत नाही, मांस पुन्हा मऊ व्हावं लागतं. उन्हाळ्यात तिला परत आणलं, आम्ही तो कोपरा शिवला, आणि या वेळी शिवण धरली. ती पुढे कोरडी राहिली. पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे, म्हणजे ती ओली असतानाच घरी गेली त्या दिवसाचं.

सासऱ्याला निरोप गेला होता, पण सून बरी झाली म्हणून न्यायला बोलावलंय असंच तो समजला. बैलगाडी घेऊन आला, बायकोला घेऊन आला. गाडीत नवं धुतलेलं घोंगडं अंथरलं होतं. मी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि त्याच्या शेजारी बसलो. ती मुलगी माझ्यामागे उभी होती. मी लांबण लावलं नाही. टाके एका बाजूने तुटले आहेत, ती पुन्हा गळते आहे, असं सांगितलं.

त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. तिने वस्तीसमोर शब्द दिला होता, स्वतःच्या हाताने पाहिलं होतं, कोरडं म्हणून सांगितलं होतं. वस्तीतली भांडणं आता मिटली होती, म्हातारी देखील गप्प झाली होती. आता परत गाडीतून ओली सून उतरली की काय होईल, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

त्याने मला एकच प्रश्न विचारला. "पुन्हा शिवता येते का?"

तीन महिन्यांनी येतं, मी म्हणालो. खात्री या खेपेलाही देत नाही.

"मंग पुन्हा आनतो," तो म्हणाला.

बायको रडत हळू आवाजात म्हणाली, की मी कोरडं म्हणून सांगून बसली आहे, आता वस्तीले काय सांगू? अजून सोडलं नाही म्हना, दवाखान्यातच हाय म्हना, अन् हिले चार दिवस मायच्या घरी ठेवून देऊ. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. ती फक्त घाबरली होती.

वॉर्डाच्या दारात सून येऊन उभी राहिली होती. बोचकं छातीशी धरलेलं, पायाखालची फरशी हळूहळू ओली होत होती, आणि ती तिथून हलत नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं. गाडी कुठे जाणार, सासरी की माहेरी, एवढंच कळायची ती वाट बघत होती.

सासरा उठला. मुंडासं डोक्याला गुंडाळलं. बायकोकडे वळून, मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खरं सांगू. ओली हाय म्हनून सांगू, अन् घरात घेऊ."

मग तो सुनेजवळ गेला, तिच्या हातातलं बोचकं स्वतः घेतलं, आणि गाडीतल्या त्या धुतलेल्या घोंगड्यावर तिला बसवलं.